फोल्डरात फोल्डर, त्यात आक्का

गल्लीत सगळे तिला आक्का म्हणत, आणि तिची पाठ वळली की कुलूप. तिला हे ठाऊक होतं. एकदा समोरच्या शिंप्याच्या तोंडून तोंडावरच निसटलं, "या, या, कुलूप..." आणि त्याने जीभ चावली.

"चावू नका," आक्का म्हणाली, "आधीच माप चुकलेली जीभ आहे, आणखी बिघडेल. कुलूप तर कुलूप. उघड्या घरात कुत्री शिरतात."

शिंप्याने तिचा ब्लाउज त्या वेळी दोनदा उसवून शिवला. भीतीने.

आक्का लग्न करून गेली होती आणि एक बॅग घेऊन परत आली होती. का परत आली, हे विचारायची हिंमत आत्याबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी एकेकदा केली आणि प्रत्येकीला एकच उत्तर मिळालं, "माझ्या कपाटाची किल्ली सासूच्या कमरेला होती." एवढंच. मारहाण नाही, व्यसन नाही, काही नाही. स्वतःचा रुमाल हवा असला तरी सासूबाईंच्या खोलीच्या दारात उभं राहायचं, त्यांनी पोथीचं पान उलटेपर्यंत थांबायचं, मग त्या कमरेची किल्ली चाचपत म्हणायच्या, "इथे माझ्या शब्दाबाहेर पान हलत नाही, कळलं ना?" एक दिवस आक्काने रुमाल मागितला नाही. बॅग उचलली. बॅगेत काय होतं? काहीच नाही. कपडे तर कपाटातच राहिले होते.

आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, दार उघडलं, बॅगेकडे बघितलं आणि विचारलं, "हलकी आहे?"

"हो."

"मग आत ये. जड असती तर विचार केला असता."

आप्पांचा खोक्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पुढे एक खोली आणि मागे लांबट शेड. शेडमध्ये पुठ्ठा कापणारं मशीन, मशीनवर आक्काचा धाकटा भाऊ, आणि भिंतीला लागून खळीचं टेबल. तिथे बायका उभ्या राहून खोक्यांना खळ लावत, कपाळावर उलट्या मनगटाने केस सारत, आणि संध्याकाळी त्यांची बोटं एकमेकांना चिकटलेली असत. पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर आणि एक खुर्ची. खुर्चीचं रेक्झिन फाटलेलं, पण खुर्ची ती खुर्ची. तिथे बसून खोक्याचं चित्र काढायचं. जिथे कापायचं तिथे सलग रेघ, जिथे घडी घालायची तिथे तुटक रेघ. ते चित्र डायवाल्याकडे जाई. तो लाकडी फळीत पोलादी पाती बसवून साचा करी. चित्र चुकलं तर साचा चुकला, साचा चुकला तर गाडीभर पुठ्ठा भंगारात.

"बैस तिथे," आप्पांनी खुर्ची दाखवली. "हात चालव. तोंड नको."

आक्काने दोन्ही चालवलं.

काम तिला चढलं. पण त्याहून चढलं ते ठेवणं. कॉम्प्युटरमध्ये कपाट करता येतं, कपाटात खण, खणात डबा, डब्यात डबी, हे कळलं त्या दिवशी तिने आनंदाने जेवण सोडलं. साबणवाल्याचं एक फोल्डर. त्यात "पेटी". त्यात "जुनी". त्यात "खरी जुनी". त्यात "ही". शेजारी दोन-चार रिकामी फोल्डरं नुसती फसवायला, एकाचं नाव "इथे नाही" आणि खरंच तिथे काही नसे. गिऱ्हाईक चित्र मागायला आलं की आक्का सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावी, जणू बाई कपडे बदलते आहे. टकटक, टकटक, टकटक. मग, "वळा."

"एवढं कशाला लपवतेस? खोकाच आहे," आप्पा कुरकुरत.

"तुम्हाला सापडलं असतं तर मला कशाला बसवलं असतं?"

ही तिची खुर्ची होती आणि खुर्चीचे चारही पाय त्या लपवाछपवीवर उभे होते, हे तिला आप्पांच्या आधी कळलं होतं.

मग धाकट्याचं लग्न झालं आणि घरात आली कोर्सवाली.

हे नाव आक्कानेच दिलं. नव्या सुनेने कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि तिचं दर तिसरं वाक्य "आमच्या कोर्सात" या शब्दांनी सुरू होई. आल्या आठवड्यातच ती हात पुशीत पुढच्या खोलीत आली, पडद्याकडे वाकून बघितलं आणि म्हणाली, "वन्सं, आमच्या कोर्सात सांगितलं होतं, फोल्डरांची उतरंड इतकी खोल लावू नये. खालचं मडकं काढताना सगळी कोसळते."

"असं? आणि सासरी कसं वागावं ते नव्हतं का तुमच्या कोर्सात?"

कोर्सवालीने पापणी लवू दिली नाही. "तो धडा तुम्ही अर्ध्यात सोडून आलात असं ऐकलं. म्हटलं, तुम्हालाच विचारावं, कुठपर्यंत झाला होता."

शेडमधलं मशीन चालू होतं म्हणून बरं, नाही तर ती शांतता गल्लीभर ऐकू गेली असती.

त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. म्हणजे तोंडाने. आप्पांनी वाटणी केली होती, सकाळी खुर्ची आक्काची, जेवणानंतर कोर्सवालीची. निरोप धाकट्यामार्फत जात, आणि तोही बिचारा दोघींच्या मधोमध उभा असताना.

"धाकट्या, तुझ्या बायकोला सांग, औषधाच्या खोक्याची झाकणाची पट्टी आखूड झाली आहे."

"अगं, आक्का म्हणते..."

"ऐकलं मी. त्यांना सांगा, पट्टी मी नाही काढली. आखूड गोष्टी काढायची सवय कोणाला आहे ते सगळ्यांना माहीत आहे."

"आक्का, ही म्हणते..."

"मी बहिरी नाही!"

धाकटा मशीनकडे परत जाई. मशीन फक्त पुठ्ठा कापत असे.

पण खरं भांडण झालं ते कॉम्प्युटरमध्ये. सुरुवात आक्काने केली. एका सकाळी तिने आपलं सगळं काम एका नव्या फोल्डरात घातलं आणि त्याला नाव दिलं, "हात लावू नये". कीबोर्डावर इंग्रजी अक्षरं होती, म्हणून मराठीच पण इंग्रजी अक्षरांत. दुसऱ्या दिवशी बघते तर "हात लावू नये" नाहीसं! शोधलं तर ते एका दुसऱ्या फोल्डराच्या पोटात होतं आणि त्या फोल्डराचं नाव होतं, "कोण लावतंय".

आक्काची कानशिलं तापली. जिचं फोल्डर बाहेर ती मालकीण, जिचं आत ती भाडेकरू, हा साधा हिशेब होता. तिने नवं फोल्डर केलं, कोर्सवालीचं त्यात ढकललं आणि नाव दिलं, "माहेर कोणाचं आहे ते आधी बघावं". दुपारी त्याच्यावर आणखी एक आवरण चढलं, "माहेरी बसलेल्यांनी दाराजवळ बसावं". सकाळी त्यावर आक्काचं. दुपारी त्यावर तिचं. कांद्याला आतून पापुद्रे फुटतात, याला बाहेरून फुटत होते. नावंही लांब होत गेली, कारण एकदा बोलायला लागल्यावर आक्का थोडक्यात कधी आवरत नसे आणि कोर्सवाली तिच्याहून एक शब्द तरी जास्त घेतल्याशिवाय उठत नसे. रोजची कामं दोघी वरच्या वर करून टाकत. जुनी चित्रं मात्र तळाशी, सगळ्या शिव्यांच्या खाली गाडली जात होती. हे दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही. भांडणाऱ्याला तळ कुठे दिसतो?

आप्पांना आतलं काही ठाऊक नव्हतं, पण बाहेरचं पुरेसं होतं. एका जेवणाच्या वेळी त्यांनी ताट सरकवलं.

"पुरे झालं. एक कॉम्प्युटर, एक खुर्ची, एक बाई. साबणवाला येतो आहे त्याच्या जुन्या पेटीसाठी. त्याचा साचा गंजून गेला आहे, जुन्या चित्रावरून नवा करायचा. ज्या बाईच्या हातून ते चित्र निघेल, तिची खुर्ची. दुसरीने खळीच्या टेबलाशी उभं राहायचं. कायमचं."

"आप्पा, ते चित्र माझं आहे," आक्का म्हणाली. "मी काढलेलं पहिलं चित्र."

"मग काय, तुझ्या डाव्या हातचा मळ."

कोर्सवालीने पाण्याचा घोट घेतला आणि धाकट्याला म्हणाली, "डाव्या हाताने जेवू नये म्हणतात."

साबणवाला आला तो ऐन वाटणीच्या वेळी. सकाळ संपलेली, दुपार बसायची होती, म्हणून दोघीही खोलीत. तो जाडजूड आणि मोठ्या आवाजाचा माणूस. बसल्या बसल्या दाराजवळचं बाकडं कुरकुरलं.

"आप्पासाहेब, डायवाला संध्याकाळी दुकान बंद करून गावाला जातो आहे. त्याच्या आत चित्र पोचलं तर ठीक. नाही तर समोरच्या कारखान्यात जातो, ते नवीन काढून देतात म्हणे. एकदा गेलो की सगळेच खोके तिकडे, सांगून ठेवतो. मला ये-जा जमत नाही, गुडघे दुखतात."

"आमच्याकडे तयार आहे," आप्पा म्हणाले. "आक्का."

आक्काने खुर्ची ओढली. "सगळ्यांनी तोंड फिरवा."

"मी पण?" साबणवाल्याने विचारलं.

"तुम्ही आधी."

सगळे वळले. कोर्सवाली तेवढी वळली नाही, तिने नुसते डोळे मिटले, आणि तेही एकच. टकटक. टकटक. आक्का उतरत गेली. आपलं फोल्डर, त्यात हिचं, त्यात आपलं, त्यात हिचं. जिना खाली जात राहिला. आणि एका पायरीवर थांबला. फोल्डर दिसत होतं, पण टिचकी मारली की उघडेना. पुन्हा मारली. जोरात मारली, जसं काही माउसला ऐकू कमी येतं. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली आणि गेली.

"सापडलं?" भिंतीकडे बघत आप्पा.

"सापडतं आहे."

"हे छान कॅलेंडर आहे," भिंतीकडे बघत साबणवाला. "गेल्या वर्षीचं आहे पण छान आहे."

आक्का गर्रकन वळली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कोर्सवालीशी सरळ बोलली. "काय केलंस माझ्या चित्राचं? पुसलंस?"

"मी?"

"नाही, कॅलेंडरने! तूच रोज दुपारी ढकलाढकली करतेस. पुसलंस की नाही बोल! माझ्या जिवावर उठली आहेस पहिल्या दिवसापासून!"

"वन्सं, तुमच्या जिवावर उठायला रांग आहे, माझा नंबर लांब आहे." कोर्सवाली पुढे आली. "पुसलेलं असेल तर दिसेल. उठा."

"नाही उठणार."

"मग सरका."

आक्का अर्धी सरकली. आपण अर्ध्याच खुर्चीवर बसलो आहोत हे तिच्या मांडीला कळलं, पण उठली नाही. कोर्सवालीने उभ्यानेच कीबोर्ड ओढला आणि पडद्यावर एक काळी खिडकी उघडली. ना चित्र, ना बटण. नुसता काळोख आणि त्यात एक उघडझाप करणारी चीर.

"हे काय?" साबणवाल्याने तोंड फिरवलं. आता कोणी अडवलं नाही.

"इथे टिचकी मारत उतरायचं नाही. इथे विचारायचं. आत काय काय आहे ते सगळं सांग, आतल्याच्या आतलं पण, तळापर्यंत." तिने टंकलं. डी, आय, आर. मोकळी जागा. तिरपी रेघ. एस.

आणि पडदा धावायला लागला. ओळीमागून ओळ, न थांबता. मशीनच्या पोटातली, छपाईची, कोणाच्या तरी लग्नाच्या फोटोंची, कसली कसली नावं.

"अरे बाप रे," साबणवाला म्हणाला, "एवढे खोके?"

"हे अख्ख्या मशीनचं झालं," कोर्सवाली चिडून म्हणाली. "मी वरूनच विचारलं. आधी त्या फोल्डरात जाऊन उभं राहायला हवं होतं."

"कोर्सात नव्हतं का?" आक्का म्हणाली.

कोर्सवालीने दात आवळले, ते धावणं थांबवलं, कामाच्या फोल्डरात गेली आणि या वेळी वेगळा शब्द टंकला. ट्री. एवढाच.

पडद्यावर झाड उगवलं. उभी रेघ, तिला आडवी फांदी, फांदीवर नाव. नावाखाली आणखी आत सरकलेली फांदी, त्यावर नाव. पायरी पायरीने सगळं उजवीकडे आणि खाली. वंशावळ लिहावी तसं. फक्त या वंशावळीत सगळ्याच बायका होत्या आणि सगळ्याच भांडत होत्या.

साबणवाल्याने चष्मा चढवला आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण समोर लिहिलेलं असलं की वाचायचं, अशी काही माणसांची गत असते.

"'ज्यांना खुर्ची सोडवत नाही त्यांनी ती डोक्यावर घ्यावी.' वा! त्याच्या आत, 'कोर्स केला म्हणून अक्कल येते असं नाही, सर्टिफिकेट येतं.' वा वा! त्याच्या आत, 'माणसं नांदत नाहीत ती फोल्डरात नांदतात.' आप्पासाहेब, हे काय आहे?"

मागच्या दारात मशीन बंद करून धाकटा येऊन उभा राहिला होता. त्याच्यामागून खळीच्या टेबलावरच्या बायका, चिकट बोटं हवेत धरून.

"त्याच्या आत," साबणवाला रंगात आला होता, "'इथे माझ्या शब्दाबाहेर पान हलत नाही'. हे कोणाचं?"



आक्का पडद्याकडे बघत राहिली. ते वाक्य तिनेच टंकलं होतं. कधी, ते आठवत नव्हतं. रागात बोटं चालली असतील आणि बोटांना जे तोंडपाठ होतं ते त्यांनी लिहिलं असेल. पण परक्या माणसाच्या मोठ्या आवाजात ऐकलं आणि तिला कमरेला चाचपणारा हात दिसला. किल्लीचा आवाजसुद्धा आला. ती बाई तिथे कुठेच नव्हती आणि तरी या मशीनमध्ये येऊन बसली होती. आक्कानेच बसवली होती, स्वतःच्या हाताने, सुनेच्या सगळ्या कामावर, किल्ली कमरेला लावून.

झाड मात्र तळाशी पोचलं नाही. काही फांद्यांनंतर ते तुटलं आणि तिथे मशीनने इंग्रजीत एक ओळ लिहिली होती.

"काय म्हणतंय?" आप्पांनी विचारलं.

"नाव फार लांब आहे म्हणतंय." कोर्सवाली आता हळू बोलत होती. "बाहेरून आतपर्यंत सगळी नावं जोडली की तो त्या चित्राचा पत्ता. पत्ता एका मर्यादेपलीकडे लांबला की मशीन तिथवर जात नाही. पुसलेलं काही नाही. चित्र तिथेच आहे. आमच्या... आमच्या बोलण्याखाली गाडलं गेलं आहे."

"मग काढ."

"वरची नावं आखूड करावी लागतील. एकेका अक्षराची. म्हणजे पत्ता आटोपशीर होईल."

"कोणाची नावं?"

आळीपाळीने लिहिलेली नावं, अर्धी हिची, अर्धी तिची. जी आपलं वाक्य पुसेल तिने माघार घेतली, हे खळीवाल्या बायकांनासुद्धा समजलं. त्यातल्या एकीने दुसरीला कोपराने ढोसलं.

"हिची कापा," आक्का आप्पांना म्हणाली. "लांब हिचीच आहेत."

"मी माझी एकही कापणार नाही," कोर्सवाली म्हणाली. "मी सुरुवात केली नव्हती. पहिलं 'हात लावू नये' कोणाचं होतं?"

"बायांनो, डायवाला गावाला जातो आहे," साबणवाला म्हणाला.

"तुम्ही कॅलेंडर बघा!" दोघी एकदम ओरडल्या. गेल्या कित्येक महिन्यांत दोघींचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

साबणवाला उठला. गुडघे वाजले. "आप्पासाहेब, समोर जातो मी. तुमच्याकडे खोके नाहीत, तमाशा आहे."

"बसा," आक्का म्हणाली.

तिने कीबोर्ड ओढला. कोर्सवालीकडे न बघता विचारलं, "नाव कसं बदलायचं यात?"

"आर, ई, एन. मग जुनं नाव, अवतरण चिन्हांत. मग नवं."

"जुनं नाव आख्खं लिहायचं?"

"आख्खं. एक अक्षर चुकलं तरी सापडलं नाही म्हणेल." कोर्सवालीने तिला त्या फोल्डराच्या दाराशी नेऊन ठेवलं.

आक्का वितळली वगैरे असं कोणी समजू नये. सुनेचं भलं व्हावं असं तिच्या मनात त्या क्षणीही नव्हतं. पण ती कमरेला किल्लीवाली बाई आपल्या मशीनमध्ये एक घटकाही राहता कामा नये, हे मात्र होतं. आणि तिला हाकलायचं तर आधी तिचं वाक्य अक्षर अक्षर लिहायचं होतं. इथे. माझ्या. बोटं आडखळली, मागे आली, पुन्हा लिहिलं. शब्दाबाहेर. खळीवाल्या बायकांच्या ओठांनीही तिच्याबरोबर अक्षरं जुळवली. पान. हलत. नाही. अवतरण मिटवलं, जागा सोडली आणि नवं नाव लिहिलं. अ.

एन्टर.

मशीन काही बोललं नाही. काळी खिडकी हुकूम मानते तेव्हा गप्पच राहते.

"पुढचं," आक्का म्हणाली.

तिने आपली सगळी कापली. एकेक लिहून, एकेक पुसून. कोर्सवाली तिला एका फोल्डरातून पुढच्यात नेत होती आणि स्वतःच्या नावांवरून बोट अलगद सरकवत होती, एकालाही हात न लावता. मग पुन्हा ट्री. या वेळी झाड बारीक झालं होतं, फांदीवर एक अक्षर, मग कोर्सवालीची लांबलचक ओळ, मग एक अक्षर. पण ते खाली गेलं. न तुटता, थेट तळापर्यंत. साबण. पेटी. जुनी. खरी जुनी. ही.

आणि त्यात चित्र होतं. आक्काने परत आल्यावर काढलेलं पहिलं चित्र. तळाच्या चारही पट्ट्या एकमेकांत अडकून बसतील अशी पेटी, खळ न लावता. तिने तेव्हा विचार करकरून काढली होती ती. किल्ली न लागणारं कुलूप.

साबणवाला चित्र घेऊन पळाला, म्हणजे गुडघे जेवढं पळू देतात तेवढा.

आप्पांनी खोलीतल्या गर्दीकडे बघितलं. बायका शेडमध्ये सटकल्या, धाकटाही सटकणार होता, पण आप्पांनी हात करून थांबवलं. बहुतेक साक्षीदार हवा होता.

"मी शब्द दिला होता. ज्या बाईच्या हातून चित्र निघेल तिची खुर्ची."

"माझ्या हातून निघालं," आक्का म्हणाली. "माझी बोटं होती."

"बोटं तुझी. पण तळ तिने दाखवला. आणि पुरलं कोणी? निम्मं तूच." आप्पा दमले होते. "लपवणारी बाई खुर्चीत नको आता. मला जे हवं ते मला दिसायला हवं. सून बसेल."

आक्का उठली. खुर्ची करकरली. फाटक्या रेक्झिनला तिच्या बसण्याचा खळगा पडला होता, तो काही क्षण तसाच राहिला.

"बैस," ती कोर्सवालीला म्हणाली. "माझी जागा गरम आहे. सवय लागेपर्यंत चटके बसतील."

"मला गरम चालतं."

"हो, दिसलं. एक नाव कापलं नाहीस."

"तुम्ही मला कापायला सांगितलं कुठे होतं? तुम्ही म्हणालात हिची कापा. मग स्वतःचीच कापत सुटलात."

आक्काला ते झोंबलं. ती मागे गेली, एका बाईच्या हातून खळीचा कुंचला हिसकावून घेतला आणि टेबलाशी उभी राहिली. तिची बोटं एकमेकांना चिकटली आणि तिने ती चिकटू दिली.

खळीच्या टेबलावर ती सुखाने नांदली असं नाही. बायकांनी पहिल्याच आठवड्यात आप्पांकडे तक्रार केली की आक्का आमचे खोके मोजते आणि आमच्या चपला रांगेत लावायला लावते. आप्पा म्हणाले, "सहन करा, मी इतकी वर्षं केलं." तिने खुर्चीकडे पुन्हा ढुंकून बघितलं नाही, निदान कोणी बघत असताना तरी.

पण कारखान्याची किल्ली पहिल्यापासून तिच्याकडे होती आणि सकाळी सगळ्यात आधी तीच येई. शटर वर करायची, दिवे लावायची, कॉम्प्युटर चालू करायची. खुर्चीत बसत नसे. खुर्ची दुसरीची होती. उभ्याने, वाकून, चिकटपणा धुऊन टाकलेल्या बोटांनी टंकायची. डी, आय, आर, मोकळी जागा, तिरपी रेघ, एस. आता तिला वरून विचारायचं नाही हे कळलं होतं. कामाच्या फोल्डरात उभी राहून विचारायची आणि तळापर्यंत सगळं वाचायची. काल काय काढलं, कुठे ठेवलं, कोणाची पट्टी आखूड झाली.

कोर्सवालीने सगळी उतरंड उतरवून सपाट केली होती. तिची जुनी लांब वाक्यंही गेली होती. कधी कापली ते तिने कोणाला सांगितलं नाही आणि आक्काने विचारलं नाही. आप्पांचा नियम होता, नाव एक-दोन शब्दांचं, पत्ता लांबता कामा नये.

एका सकाळी यादीच्या तळाशी आक्काला एक रिकामं फोल्डर दिसलं. आत काही नाही. नाव नवीन. "चोंबडी".

आक्काने नाकाने फू केलं. आर, ई, एन. नवं नाव दिलं, "चटक लागली?" पण प्रश्नचिन्ह मशीनने घेतलं नाही, तेव्हा प्रश्नचिन्हाशिवाय दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे होतं, "कुलूप".

आक्काने तेही बदललं, तर त्याच्या दुसऱ्या दिवशी, "फितूर".

शिव्या आखूड झाल्या होत्या. आक्काला सुरुवातीला ते जड गेलं, इतक्या कमी शब्दांत राग मावतच नसे. शेडमध्ये खळ लावताना ती मनातल्या मनात शब्द घासत राही, हा टाकू की तो. खोके मोजायची विसरू लागली, हे बायकांच्या पथ्यावर पडलं. दोघी तोंडाने अजूनही बोलत नव्हत्या. धाकटा मधे उभा राहून निरोप पोचवतच होता.

मग एका सकाळी शटर वर करून ती वाकली, टंकलं, ओळी वर सरकल्या. साबण. औषध. दिवे. बूट. आणि शेवटी ते रिकामं फोल्डर. "उभ्या का".

आक्काने मागे खुर्चीकडे बघितलं. रेक्झिनवर नवी पट्टी चिकटवलेली होती. खळीनेच, आणि वेडीवाकडी. चिकटवायची अक्कल नाही, ती म्हणाली, रिकाम्या खोलीला.

मग उभ्या उभ्याच, दोन बोटांनी, नवं नाव टंकलं, "पाय आहेत", एन्टर मारलं आणि शेडचे दिवे लावायला मागे गेली.